उठू नका, बाई

वादळबाईंना हे नाव पडलं तेव्हा त्या नर्सिंग कॉलेजात नव्हत्या, हॉस्पिटलच्या सर्जरी वॉर्डात होत्या. पांढरे बूट घालून त्या अशा काही चालायच्या की बरोबरच्या डॉक्टरांना मागून अर्धवट पळावं लागायचं. त्या गेल्यावरही खाटांवरच्या चादरींची टोकं थोडा वेळ हलत राहायची, असं जुन्या आया सांगत. पुढे त्या शिक्षिका झाल्या. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. नाव राहिलं, वादळ मात्र बसलं. इतर वादळं शमतात, ओसरतात. हे खरोखरच बसलं होतं, निळ्या गादीच्या, चाकांच्या खुर्चीत. नव्या मुलींना वाटायचं, बाई तापट आहेत म्हणून असं नाव पडलं असेल.

त्या आळशी होत्या असं त्यांचा शत्रूही म्हणाला नसता. कामच बसून करायचं होतं. वेळापत्रकं, प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिका, स्लाइडा, मीटिंगा, आणि मीटिंगमध्ये काय ठरलं ते ठरवण्यासाठी पुन्हा मीटिंगा. कॉलेज चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट कधी बिघडत नव्हती. घरून न्यायला-आणायला नवऱ्याची गाडी. नवरा ड्रायव्हिंग शिकवायचा, म्हणजे दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून जीव मुठीत धरायचा. घरातली दोन्ही कमावती माणसं अशी बसूनच कमावणारी. सासूबाई म्हणत, "या घरात उभी अशी मी एकटीच असते."

वादळबाईंचा सगळ्यात गाजलेला धडा होता ऑपरेशननंतर पेशंटला लवकर चालतं करण्याचा. "माणूस हलला पाहिजे! पडून राहिलं की फुप्फुसं भरतात, रक्त गोठतं, आतडी रुसतात," असं त्या पोटतिडकीने सांगायच्या आणि पुढची स्लाइड लावायला खुर्चीसकट गर्रकन वळायच्या.

त्या वर्षी प्रात्यक्षिकं घेणाऱ्या तरुण मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि बंद पडलेलं हृदय सुरू करण्याचं प्रात्यक्षिक वादळबाईंच्या गळ्यात पडलं. प्रात्यक्षिकाच्या खोलीत एक पूर्ण उंचीचा रबरी पुतळा होता. मुली त्याला मामा म्हणत. मामा एरवी खाटेवर पडून इंजेक्शनं, सलाइन, नळ्या असं सगळं निमूटपणे सोसत असे. त्या दिवशी मुलींनी त्याला उचलून जमिनीवर निजवलं, कारण माणसं कोसळतात ती जमिनीवर, खाट बघून नव्हे.

वादळबाई त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसल्या. बसताना काही वाटलं नाही. खाली जायला पृथ्वी मदत करतेच. दोन्ही तळहात एकावर एक ठेवले, कोपरं ताठ केली आणि मामाची छाती दाबायला सुरुवात केली. वॉर्डातला जुना हात होता तो. ठेका असा लागला की मुली डोळे मोठे करून बघत राहिल्या. कपाळावर घाम आला, केसांचा चिमटा उडाला, पण बाई थांबल्या नाहीत. शेवटी त्या मागे सरल्या आणि म्हणाल्या, "हं. असं. कळलं?"

मुलींना कळलं होतं. बाई उठायला गेल्या.

काही झालंच नाही. उजव्या गुडघ्याने वर जायची तयारी दाखवली, पण मांडीने ऐकलं नाही. डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या, तो आपला आहे की मामाचा हेच कळेना. हात टेकायला जवळ काही नव्हतं. समोर वीस-बावीस मुली वह्या मिटून, बाई उठल्या की आपण निघायचं म्हणून उभ्या होत्या.

"निघालात कुठे?" वादळबाई म्हणाल्या. "बसा खाली सगळ्या. एकेकीने करून दाखवायचं आहे."

मुली बसल्या. मामाभोवती गोल झाला. एकेक मुलगी पुढे येऊन मामाची छाती दाबू लागली आणि बाई बसल्या जागेवरून तिला सांगू लागल्या. गंमत म्हणजे तास रंगला. खुर्चीतून कधी न दिसलेल्या गोष्टी इथून दिसत होत्या. कुणाची कोपरं वाकतात, कुणी नुसतंच हातांनी ढकलतं, कुणी भीतीने श्वासच रोखून धरतं. त्या हात धरधरून सुधारत गेल्या. मुली हसल्या, बोलल्या, शंका विचारल्या. तास संपल्याची घंटा झाली तरी बाई म्हणाल्या, "घंटा वाजली म्हणून पेशंट सोडून जाणार का?" आणि मुली पुन्हा बसल्या. मधूनमधून बाई पाय चाचपून बघत होत्या. पाय अजून रजेवरच होता.

एवढ्यात दारात प्राचार्या आल्या. त्या नव्या होत्या, उत्साही होत्या, आणि दर आठवड्याला त्यांच्या डोक्यात एक नवा उपक्रम जन्माला यायचा. समोरचं दृश्य बघून त्यांचा हात छातीशी गेला. कॉलेजातल्या सगळ्यात ज्येष्ठ शिक्षिका विद्यार्थिनींमध्ये, जमिनीवर, त्यांच्यातलीच एक होऊन बसलेल्या!

वादळबाईंनी कसनुसं हसून उठण्याचा आविर्भाव केला.

"नाही, नाही! उठू नका, बाई!" प्राचार्या दारातूनच म्हणाल्या. "उठूच नका!"

वादळबाईंनी ही आज्ञा तंतोतंत पाळली.

"याला म्हणतात अध्यापन," प्राचार्या भारावून म्हणाल्या. "खुर्ची नाही, टेबल नाही, अंतर नाही. मी किती दिवस असं काहीतरी शोधत होते." आणि आल्या तशा त्या तरातरा निघून गेल्या. त्या अशा गेल्या की समजायचं, आता काहीतरी निघणार.

शेवटी मुलींना सोडावंच लागलं. त्यांनी मामाला उचलून खाटेवर ठेवलं, वर चादर नीट ओढली आणि त्या गेल्या. खोलीत बाई एकट्या उरल्या. त्यांनी आधी सलाइनचा स्टँड पकडला. त्याला चाकं होती. तो शांतपणे घरंगळत भिंतीपर्यंत गेला आणि बाई त्याच्यामागे हातभर पालथ्या झाल्या. मग त्या सरपटत खाटेपाशी पोचल्या आणि लोंबणारी चादर धरून जोर लावला. चादर आली. चादरीबरोबर मामाही आला. आपल्या पूर्ण उंचीनिशी तो बाईंच्या अंगावर पडला.

नेमकी तेव्हाच एक मुलगी विसरलेली पिशवी न्यायला परत आली. ती दारातच थबकली.

"मॅडम... मदत करू?"

"नको," मामाखालून आवाज आला. "पेशंट खाटेवरून पडला तर पडतो कसा, ते तपासतेय मी."

मुलगी पिशवी घेऊन पाय न वाजवता गेली. वादळबाईंनी मामाला बाजूला लोटलं, खाटेच्या लोखंडी पायाला मिठी मारली, आणि वॉर्डात कधी तोंडातून न काढलेले शब्द पुटपुटत, एकदाच्या उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर सूचना लागली. सोमवारपासून सर्व प्रात्यक्षिकं जमिनीवर बसून घ्यायची. उपक्रमाचं नाव 'भूतल अध्यापन'. पुढच्या महिन्यात नर्सिंग परिषदेच्या पाहुण्या येणार, तेव्हा हाच उपक्रम त्यांना दाखवायचा. सूचनेच्या खाली लिहिलं होतं, 'प्रेरणा : आपल्या वादळबाई.'

खोलीत आणखी दोन शिक्षक बसत. एक प्रसूतिशास्त्र शिकवणाऱ्या, त्यांना सगळे सुईणबाई म्हणत. देह भरघोस, हसणं त्याहून भरघोस. दुसरे मनोरुग्णांची शुश्रूषा शिकवणारे उंचच उंच सर, त्यांना मनसर म्हणत. मनसरांना काहीही विचारलं तरी ते हळू आवाजात म्हणत, "तुम्हाला काय वाटतं याबद्दल?"

"भूतल?" सुईणबाई सूचना वाचून म्हणाल्या. "मी खाली बसले ना, तर मला तिथेच भूत म्हणून राहावं लागेल. उठवायला क्रेन मागवा! आणि हे सगळं कुणामुळे? प्रेरणा! खाली कशाला बसलात हो तुम्ही?"

"तुम्हाला नेमकं काय मिळालं त्यातून?" मनसरांनी विचारलं. प्रथमच त्यांचा आवाज जरा चढला होता.

वादळबाईंनी दार लोटून घेतलं. "कुणाला सांगणार नसाल तर सांगते. मला उठता येत नव्हतं."

सुईणबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"म्हणजे ते अध्यापन वगैरे..." सुईणबाई म्हणाल्या.

"पायाला मुंग्या आल्या होत्या हो!"

सुईणबाईंचं हसू आधी पोटात सुरू झालं, मग खांद्यांत आलं आणि शेवटी टेबलावरचे कप वाजायला लागले. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "मागच्या आठवड्यात माझा पेन टेबलाखाली पडला. अजून तिथेच आहे. मी दुसरा घेतला."

मनसरांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "मी बुटाच्या लेस सोडून दिल्या," ते म्हणाले. "बिनलेसचे घेतले. घरी सांगितलं, फॅशन आहे."

अशी कबुलीजबाबांची देवाणघेवाण झाल्यावर तिघांनी ठरवलं की कॉलेज सुटल्यावर प्रात्यक्षिकाच्या खोलीत जमायचं, दाराला आतून कडी लावायची आणि खाली बसून उठायचा सराव करायचा. सोमवारला अजून अवकाश होता.

पहिल्या दिवशी त्यांच्याकडून एक चूक झाली. तिघंही एकदमच खाली बसले.

"आता?" सुईणबाईंनी विचारलं.

"आता कुणीतरी उठून बाकीच्यांना हात द्यायचा," वादळबाई म्हणाल्या.

कुणीतरी म्हणजे कोण, यावर बराच खल झाला. सुईणबाईंनी मनसरांचा हात धरून जोर लावला, तेव्हा मनसर आडवे झाले. मनसर पाय लांब करून पुन्हा बसेपर्यंत खोलीतल्या दोन वस्तू पडल्या. तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाहेरून कुणीतरी विचारलं, "आत कोण आहे?"

"मीटिंग चालू आहे!" वादळबाई ओरडल्या.

बाहेरची पावलं ताबडतोब, जवळजवळ धावतच, लांब गेली.

"पेशंटला काय सांगतो आपण?" एकदम वादळबाई म्हणाल्या. "म्हातारा पेशंट घरात पडला, जवळ कुणी नाही, तर उठायचं कसं, हे शिकवतो की नाही आपण मुलींना? परीक्षेला विचारतो. उत्तर चुकलं की मी लाल शाईने ओरखडते!"

"हो, पण ते पेशंटसाठी," सुईणबाई म्हणाल्या.

"मग आत्ता आपण कोण आहोत?"

वादळबाईंनी घसा साफ केला. आणि मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो वर्गातला नव्हता, वॉर्डातला होता. "आजी," त्या सुईणबाईंना म्हणाल्या, "घाई नाही. आधी श्वास घ्या. कुठे दुखतंय का?"

"सगळीकडे," सुईणबाई म्हणाल्या.

"चालायचंच. आता कुशीवर वळा. हां. कोपरावर या. आता दोन्ही हात टेकून रांगायच्या बेतात या. शाब्बास. समोर खुर्ची दिसतेय? तिच्यापर्यंत जा. हात खुर्चीवर. आता एक पाऊल पुढे, पूर्ण टेकवा. आणि माझ्याकडे बघू नका, खुर्चीकडे बघा. वर!"

सुईणबाई वर गेल्या. स्वतःवर विश्वास न बसल्यासारख्या त्या खुर्ची धरून उभ्या राहिल्या. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "हे खरं आहे की!"

आणि मग सुईणबाईंनी मनसरांना उठवलं, अगदी त्याच शब्दांत, फक्त आजीच्या जागी आजोबा घालून. शेवटी वादळबाईही तशाच उठल्या.

उठता आलं, पण पाय थरथरत होते. वादळबाईंनी निदान केलं, मांड्यांत बळ राहिलेलं नाही. औषध ठरलं. दर तासाच्या आधी आणि नंतर हात न टेकता खुर्चीतून उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. येताना लिफ्ट, जाताना जिना. प्रिंटर कोपऱ्यातून उचलून पॅसेजच्या टोकाला नेऊन ठेवला, म्हणजे प्रत्येक कागदासाठी चालावं लागेल. त्याचा पहिला परिणाम असा झाला की सुईणबाईंनी प्रश्नपत्रिका निम्म्याने लहान केल्या. मुली खूष झाल्या.

कंटाळा यायचाच. पण तिघंजण एकमेकांना सोडत नव्हते.

"उठावंसं वाटतंय का तुम्हाला?" मनसर विचारायचे.

"अजिबात नाही."

"त्या 'नाही'कडे जरा बघू या का आपण?"

"तुम्हीच बघा. मी उठते, पण हे बोलणं थांबवा!" आणि सुईणबाई उठायच्या.

घरीही वादळबाईंनी सराव सुरू केला. एका संध्याकाळी त्या सोफा आणि टीपॉय यांच्यामध्ये जमिनीवर बसलेल्या असताना नवरा कामावरून आला.

"काय चाललंय?"

"उठतेय."

"त्यात काय?" नवरा म्हणाला. "माणूस बसतो, माणूस उठतो." आणि दाखवण्यासाठी तो शेजारी बसला. बसला तो बसलाच. चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग काळजी, मग वाट चुकलेल्या माणसाचा भाव. वादळबाई त्याला कुशीवर वळायला सांगणार, तोच सासूबाई शेजारणीकडून परतल्या. दारात चपला काढता काढता त्यांनी दोघांकडे बघितलं.

"काय हरवलं?"

"काही नाही, आई."

"मग दोघंजण जमिनीवर काय शोधताय?"

"गाडीचा रिव्हर्स गिअर," नवरा म्हणाला.

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने तिथून आवाज आला, "सापडला की हात धुऊन या. जेवण निवतंय." दुसऱ्या दिवसापासून गाडी कॉलेजच्या अलीकडच्या वळणावर थांबू लागली. तिथून वादळबाई पायी जात आणि नवराही गाडीला कुलूप घालून त्यांना फाटकापर्यंत सोडून परत येई. वाटेत ते बोलत. गाडीत इतकी वर्षं ते फक्त सिग्नलला बोलत आले होते.

परिषदेच्या पाहुण्या आल्या तो दिवस उजाडला. दोघी होत्या. एक उंच, शिडशिडीत, फारसं न बोलणाऱ्या, दुसऱ्या ठेंगण्या, त्यांनी आल्याआल्याच सांगून टाकलं, "माझे दोन्ही गुडघे बदललेत. मी खुर्चीत बसणार. राग मानू नका." प्राचार्यांनी त्यांना खुर्ची दिली आणि उपक्रमावर छोटंसं भाषण केलं. अंतर मिटवणं, जमिनीशी नातं, वगैरे. भाषण संपल्यावर, बोलल्याप्रमाणे वागलं पाहिजे म्हणून, त्या स्वतःही मुलींच्या गोलात खाली बसल्या. उपक्रम सुरू झाल्यापासून त्या पहिल्यांदाच खाली बसत होत्या. आतापर्यंत त्यांनी तो दारातूनच पाहिला होता.

तास छान झाला. वादळबाई खाली बसल्या, मामाला जिवंत केलं आणि हात टेकून, पण कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशा बेताने उठल्या. सुईणबाईंनी अवघड वेळी पोटुशा बाईला कसं निजवायचं ते दाखवलं आणि त्या उठल्या. मनसर घाबरलेल्या पेशंटशेजारी बसून कसं बोलावं ते बोलले आणि घडीच्या शिडीसारखे टप्प्याटप्प्याने उलगडत उभे राहिले. शिडशिडीत पाहुण्याही खाली बसल्या होत्या, त्या सहज उठल्या. मुली उठल्या. टाळ्या वाजल्या.

प्राचार्या उठल्या नाहीत.

"बाई, एक शंका," त्या हसून म्हणाल्या. "पेशंट लहान मूल असेल तर?"

वादळबाईंनी सांगितलं, तान्ह्या बाळाला दोन बोटांनी, लहान मुलाला एका हाताने.

"छान. आणि पाण्यात बुडालेला असेल तर?"

तेही सांगितलं.

"आणि... शॉक लागलेला असेल तर?"

सुईणबाईंनी मनसरांच्या कोटाची बाही ओढली. प्राचार्यांचा एक हात पाठीमागे जमिनीवर काहीतरी चाचपडत होता. धरायला काही मिळतंय का, बघत होता. तो हात तिघांच्याही चांगलाच ओळखीचा होता.

"आणि समजा," प्राचार्या म्हणाल्या, त्यांच्या वरच्या ओठावर घाम दिसू लागला होता, "एकाच वेळी बुडालेला आणि शॉक लागलेला असेल तर?"

सुईणबाईंचे खांदे हलायला लागले. त्यांनी घाईघाईने तोंड भिंतीकडे केलं. वादळबाईंच्या मनात क्षणभर आलं, राहू दे अशाच. दारात उभं राहून दुसऱ्यांना जमिनीवर बसवणाऱ्या बाई आहेत, कळू दे जरा. पण मग त्यांना त्या पायाच्या मुंग्या आठवल्या आणि घरंगळत गेलेला स्टँडही.

"मुलींनो, थांबा," त्या म्हणाल्या. "शेवटचं प्रात्यक्षिक राहिलंय. पडलेल्या पेशंटला उठवणं. मामा या कामाचा नाही, तो जोर लावत नाही. खरा माणूस पाहिजे. प्राचार्या मॅडम, आमच्या पेशंट व्हाल का? तुम्ही बसलेल्याच आहात."

प्राचार्यांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की एखादा बुडणारा माणूसही दोरीकडे इतक्या प्रेमाने बघत नसेल.

"होईन की," त्या म्हणाल्या. "विद्यार्थिनींसाठी काहीही."

"आजी," वादळबाई त्यांच्या शेजारी वाकल्या, "घाई नाही. कुठे दुखतंय का?"

मुलींमध्ये खसखस पिकली. प्राचार्यांना आजी म्हणताना त्या प्रथमच ऐकत होत्या.

"पाय बधिर झालाय गं," प्राचार्या म्हणाल्या. सगळ्यांना वाटलं, मॅडमनी भूमिका काय छान वठवली आहे! मग त्या कुशीवर वळल्या, कोपरावर आल्या, रांगत खुर्चीपर्यंत गेल्या, पाऊल टेकवलं आणि वर आल्या. या वेळच्या टाळ्या आधीच्याहून मोठ्या होत्या. गुडघे बदललेल्या पाहुण्या खुर्चीतून म्हणाल्या, "आजच्या दिवसात पहिल्यांदा काहीतरी माझ्या उपयोगाचं बघितलं," आणि मुलींना पुन्हा एकदा, सावकाश, करून दाखवायला लावलं.

पाहुण्या गेल्यावर प्राचार्यांनी वादळबाईंना खोलीत बोलावलं. दार लावलं. बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिल्या.

"तुम्हाला कसं कळलं?"

"शंकांवरून," वादळबाई म्हणाल्या. "मीही तेच केलं होतं, मॅडम. तुम्ही दारात आलात त्या दिवशी. मला उठता येत नव्हतं, म्हणून मुलींना बसवून ठेवलं होतं. आधीच सांगायला हवं होतं."

पेपरवेट थांबला. "म्हणजे भूतल अध्यापन..."

"मुंग्या होत्या."

प्राचार्या काही क्षण छताकडे बघत राहिल्या. आपण याच्यावर केलेली भाषणं त्यांना एकेक करून आठवत असावीत. मग त्या फस्सकन हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पाय टेबलाखाली चोळला. "अजून गेलेल्या नाहीत हो. मी दिवसभर या खुर्चीत असते. सगळ्यांना वाटतं, बारीक आहे म्हणजे धडधाकट आहे. मलाही तसंच वाटायचं." त्यांनी पेपरवेट बाजूला सरकवला. "तुमची ती मीटिंग रोज असते ना, कडी लावून? दारावर मीच आले होते त्या दिवशी. मीटिंग म्हटल्यावर पळाले."

उपक्रमाला नवं नाव, फलक आणि टोप्या द्यायची प्राचार्यांची फार इच्छा होती. तिघांनी हात जोडून ती थोपवली. त्याऐवजी दुपारच्या मीटिंगा रद्द झाल्या आणि त्या वेळात खोली मोकळी मिळू लागली. प्राचार्याही येऊ लागल्या. पहिले काही दिवस मनसर त्यांना "आजी" म्हणताना अडखळायचे. मग सवय झाली.

वादळबाईंनी आणखी एक गोष्ट केली. पेशंटला चालतं करायचा धडा त्यांनी त्या वर्षी स्लाइडांवरून घेतला नाही. मुलींना घेऊन त्या जिन्याने खाली उतरल्या आणि पलीकडच्या हॉस्पिटलात गेल्या. वॉर्डात एक म्हातारबुवा होते, पोटाचं ऑपरेशन झालेले, आणि दोन दिवसांपासून खाटेवरून उतरायचं नाव घेत नव्हते. सिस्टर थकल्या, मुलगा थकला, डॉक्टर रागावून गेले.

"उद्या चालेन," ते म्हणाले.

"कालही हेच म्हणालात म्हणे."

"मग काल म्हटलं ते आजही पाळतोय." म्हातारबुवांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली. "एवढं चालायची हौस असेल तर तुम्हीच चालून दाखवा. शेवटच्या खिडकीपर्यंत. आणि रेंगाळायचं नाही, झपझप."

मुली गालातल्या गालात हसत बाईंकडे बघू लागल्या. वॉर्ड लांबलचक होता. वादळबाई निघाल्या. पहिल्या काही खाटांपर्यंत जुनी चाल आली, पुढे श्वास कमी पडू लागला. खिडकीला हात लावून परत येईपर्यंत तोंड लाल झालं होतं आणि त्या ते लपवायला नाकाने श्वास घेत होत्या.

"दम लागला तुम्हाला," म्हातारबुवा म्हणाले.

"नाही."

"लागलाय. मी काय आंधळा आहे? अगं पोरींनो, बाईंना बसायला काही द्या! नुसत्या बघत काय राहिलात!" कुणी हललं नाही, कारण वादळबाईंनी पाठीमागे हाताने सगळ्यांना थोपवलं होतं. म्हातारबुवा चिडले. "काय आजकालची मुलं!" पोटावर उशी दाबून त्यांनी पाय खाली सोडले, खाटेचा दांडा धरला आणि कण्हत कण्हत उभे राहिले. "या, इथे टेका. माझी खाट आहे, मी देतो जागा."

वादळबाई टेकल्या नाहीत. त्यांनी म्हातारबुवांच्या दंडाखाली हात घातला. "उभेच आहात तर," त्या धापा टाकत म्हणाल्या, "सोडता का मला खिडकीपर्यंत? एकटीने जमेलसं वाटत नाही."

म्हातारबुवांनी त्यांच्याकडे संशयाने बघितलं. "खिडकीपर्यंतच हं."

"खिडकीपर्यंतच."

दोघं सावकाश निघाले. म्हातारबुवा दोनदा थांबले, बाई एकदा. खिडकीतून समोरच्या इमारतीचं दार दिसत होतं. चारजण एक भलंमोठं कपाट आत न्यायची खटपट करत होते, आणि कपाट काही दारातून जात नव्हतं.

"आडवं करायला पाहिजे," म्हातारबुवा म्हणाले.

"आडवं मावणार नाही. आधी दरवाजे काढायला हवेत."

"कपाटाचे?"

"दोन्हीचे."

म्हातारबुवांना हे पटलं नाही. ते काचेला नाक लावून बघत राहिले आणि वादळबाईही. मागे मुली खाटेपाशी ताटकळत उभ्या होत्या, पण कपाटाचं काय होतं ते कळल्याशिवाय दोघांपैकी कुणीही तिथून हलायला तयार नव्हतं.